अर्धवट गणिती प्रश्न: सोडवायचा, सुधारायचा की बंद करायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गणिताच्या शंका ज्याच्याकडे येतात त्याला ही अडचण रोजची आहे, मग तो शिक्षक असो, अभ्यासगट चालवणारा असो की अंकातलं प्रश्नांचं सदर सांभाळणारा. समोरचा प्रश्न नीट मांडलेला नाही. त्यावर वेळ घालवायचा की ‘असा प्रश्न घेता येणार नाही’ म्हणून परत करायचा? मी बरीच वर्षं शंका सोडवत आले आहे. लोक मला याबद्दल जे विचारतात त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

अर्धवट प्रश्न म्हणजे नेमका कोणता?

भूमितीत आधी पक्ष लिहायचा, मग साध्य, मग सिद्धता, हे आपल्या हातात बसलेलं असतं. अर्धवट प्रश्नात बहुतेक वेळा साध्य असतं आणि पक्ष हरवलेला असतो. तो विचारणाऱ्याच्या डोक्यात असतो, पण कागदावर उतरलेला नसतो.

एक उदाहरण जवळून पाहा. ‘त्रिकोणाच्या दोन बाजू ५ आणि ७ आहेत, एक कोन ३०° आहे. क्षेत्रफळ काढा.’ वाचताना काही खटकत नाही. अनेक जण लगेच ½ × ५ × ७ × साइन ३०° असं मांडतात आणि ८.७५ लिहून मोकळे होतात. पण तो कोन या दोन बाजूंमधला आहे असं प्रश्नात कुठे म्हटलंय? तो ७ च्या समोरचा असेल तर क्षेत्रफळ साधारण १३.५९ येतं. ५ च्या समोरचा असेल तर एक नाही, दोन त्रिकोण निघतात. एकाचं क्षेत्रफळ सुमारे १६.८६, दुसऱ्याचं सुमारे ४.३६. प्रश्न एका ओळीचा आणि उत्तरं चार, चारही बरोबर.

अर्धवटपणा म्हणते तो हा. शुद्धलेखन चुकलंय, चिन्हं वेडीवाकडी आहेत, आकृती हाताने काढलीय, यांना मी अर्धवटपणात धरत नाही. ते कष्ट वाचणाऱ्याने घ्यावेत.

मग बंद करायचं ते कशावरून ठरवायचं?

मी एकच गोष्ट पाहते. हा प्रश्न पुरा करायचा झाला तर किती तऱ्हांनी होईल?

एकाच तऱ्हेने होत असेल तर आपणच पुरा करायचा आणि सोडवायचा. दोन-चार तऱ्हा असतील तर विचारणाऱ्याला विचारायचं, किंवा सगळ्या तऱ्हा मांडून प्रत्येकीचं उत्तर द्यायचं. तऱ्हांना अंतच नसेल, म्हणजे आपण काहीही भरलं तरी तो प्रश्न त्याचा न राहता आपला होणार असेल, तेव्हा थांबायचं. ‘एका फलाची कमाल किंमत कशी काढतात?’ या प्रश्नात मी फल (फंक्शन) भरणार, मर्यादा भरणार, पद्धतही भरणार. मग त्याने विचारलं काय?

प्रश्न किती वाईट लिहिलाय हे मोजायला गेलं की माणसाचं मोजमाप सुरू होतं. दुरुस्त्या मोजल्या की नजर प्रश्नावर राहते.

चूक उघड दिसते. परस्पर दुरुस्त केली तर चालेल?

चालेल, पण सांगून. ‘न विषम असेल तर न²+१ ला ८ ने भाग जातो हे सिद्ध करा’ असं कुणी लिहिलं. न = ३ घालून पाहिलं तर १० येतात, भाग जात नाही. न²−१ केलं की विधान लगेच खरं ठरतं, कारण विषम संख्येच्या मागची आणि पुढची अशा दोन लागोपाठच्या सम संख्यांचा तो गुणाकार असतो, आणि त्यातल्या एकीला ४ ने भाग जातो. दुरुस्ती एकच आणि ती स्वच्छ आहे. तिच्यासाठी प्रश्न अडवून धरण्यात अर्थ नाही. तरी वर एक ओळ लिहावी: ‘तुम्हाला न²−१ म्हणायचं होतं असं धरलंय.’ क्वचित विचारणाऱ्याला खरोखरच न²+१ बद्दल काही म्हणायचं असतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १७४२ सालचं आहे. गोल्डबाख या गणितज्ञाने ७ जूनला ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्र लिहिलं. त्यात समासात एक अंदाज होता: २ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या तीन मूळ संख्यांची बेरीज असते. तो १ लाही मूळ संख्या धरत होता. आजच्या व्याख्येने पाहिलं तर विधान तसंच्या तसं उभं राहत नाही. ऑयलरने ३० जूनच्या उत्तरात त्याला सम संख्यांच्या विधानाची आठवण करून दिली: प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. गोल्डबाख हे पूर्वी आपल्याशी बोलला होता, हेही ऑयलरने नोंदवलं. आज आपण ४ पासूनच्या सम संख्यांसाठी जो अंदाज सांगतो तो हा. तो अजून सिद्ध झालेला नाही, आणि नाव गोल्डबाखचंच आहे. दुसऱ्याचा प्रश्न सुधारायचा तर असा. धार लावून द्यायची, पण प्रश्न ज्याचा त्याच्याकडेच ठेवायचा.

दोन-तीन अर्थ निघतात. मी कोणता धरू?

शक्य असेल तर सगळे धरा. ‘१/क्ष हे फल संतत आहे का?’ यावर हमरीतुमरीवर आलेली माणसं मी पाहिली आहेत. शून्य वगळलेल्या संचावर ते प्रत्येक बिंदूपाशी संतत, म्हणजे कुठेही न तुटणारं, आहे. सगळ्या वास्तव संख्यांवर म्हणाल तर शून्यापाशी त्याची व्याख्याच नाही, आणि कोणतीही किंमत देऊन तिथे सांधता येत नाही. दोन वाक्यांत दोन्ही बाजू संपतात आणि विचारणाऱ्याला फलाचा प्रांत, म्हणजे ते कोणत्या संख्यांवर घेतलंय ते, सांगणं का गरजेचं असतं ते कळतं. एवढा चांगला धडा हातात असताना प्रश्न परत कशाला पाठवायचा?

कधीकधी अनेक अर्थ निघणं हाच प्रश्नाचा गाभा असतो. बर्ट्रांड या गणितज्ञाने १८८९ मध्ये मांडलेला प्रश्न घ्या. वर्तुळात यदृच्छेने एक जीवा काढली, तर आत काढलेल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा ती मोठी असण्याची संभाव्यता किती? परिघावर दोन टोकं निवडा, उत्तर १/३. त्रिज्येवर एक बिंदू निवडून तिथे लंब जीवा काढा, १/२. जीवेचा मध्यबिंदू वर्तुळाच्या आत कुठेही घ्या, १/४. ‘यदृच्छेने’ हा शब्द किती पोकळ आहे ते या प्रश्नाने दाखवून दिलं. त्या काळी कुणी ‘प्रश्न संदिग्ध आहे’ म्हणून तो परत केला असता, तर हे कळायला आणखी वेळ लागला असता.

प्रश्नातलं विधानच खोटं आहे. असा प्रश्न बंद करायचा ना?

नाही. खोटं विधान अर्धवट नसतं. त्याला पुरं उत्तर असतं, आणि ते म्हणजे विरोधी उदाहरण. ‘न²+न+४१ ही नेहमी मूळ संख्या असते हे सिद्ध करा’ असं आलं तर न = ४० घाला. ४०×४० + ४० + ४१ म्हणजे ४१×४१. झालं. वर हेही सांगा की ० ते ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते, म्हणजे विचारणाऱ्याला तसं वाटलं त्यात नवल काही नाही.

‘या प्रश्नाला अर्थच नाही’ असं कधी म्हणता येतं?

फार क्वचित. मी हे चुकीच्या वेळी म्हटलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अभ्यासगटात एका मुलीने विचारलं, ‘√−१ धन असतं की ऋण?’ मी म्हटलं, ‘संमिश्र संख्यांना धन-ऋण नसतं. या प्रश्नाला अर्थ नाही.’ आणि पुढचं उदाहरण घेतलं. त्या दिवशी तिने पुन्हा तोंड उघडलं नाही. घरी परतताना मला ते टोचायला लागलं. धन-ऋण नसतं, हे मला तरी कुठून कळलं होतं? कुणीतरी सांगितलं आणि मी पाठ केलं. तिचा प्रश्न नेमका तिथेच बोट ठेवत होता.

समजा √−१ धन आहे. धन गुणिले धन म्हणजे धन, म्हणून त्याचा वर्गही धन, म्हणजे −१ धन म्हणायची पाळी येते. बरं, ऋण आहे असं समजू. मग त्याची विरुद्ध संख्या धन, आणि तिचा वर्गसुद्धा −१ च. पुन्हा तीच अडचण. शून्य तर ते नाहीच. म्हणजे धन-ऋणाचे नेहमीचे नियम पाळायचे ठरवलं तर √−१ ला संख्यारेषेवर कुठेही बसवता येत नाही. पाच ओळींची सिद्धता आहे ही, आणि तिच्या प्रश्नाचं अगदी नेमकं उत्तर. प्रश्न बंद करायला मी जे कारण दिलं होतं तेच सिद्ध करायचं प्रमेय होतं.

पुढच्या भेटीत मी ते फळ्यावर लिहिलं आणि आधीचं माझं म्हणणं चुकलं होतं हे सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून ‘अर्थ नाही’ हे शब्द ओठांवर आले की मी स्वतःला विचारते: अर्थ का नाही हे मला सिद्ध करता येईल का? येत असेल तर ती सिद्धताच उत्तर म्हणून द्यायची. येत नसेल तर बंद करण्याचा अधिकार मला नाही.

हे गणितच नाही असं वाटलं तर?

कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न आठवा: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून गावभर फिरता येईल का? ऑयलरलाही तो आधी क्षुल्लक वाटला होता. १७३६ च्या एका पत्रात त्याने तसं लिहिलं, पण त्याच पत्रात हेही लिहिलं की भूमिती, बीजगणित आणि मोजणीची कला यांपैकी काहीच हा प्रश्न सोडवायला पुरत नाही, म्हणून तो लक्ष देण्याजोगा वाटला. गावाचे चार भाग, त्यांना लागणारे पूल ५, ३, ३ आणि ३, सगळे विषम. वाटेतल्या भागात एका पुलाने शिरलं की दुसऱ्याने बाहेर पडावं लागतं, म्हणजे तिथले पूल जोडीने संपतात. विषम पूल चालतील ते फार तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या भागात, आणि इथे तर चारही भाग विषम. म्हणून तशी फेरी शक्य नाही. आलेखांचं, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं, सगळं शास्त्र इथून सुरू झालं असं आपण मानतो.

‘गणितात कोणता खण याला लागू पडतो ते मला दिसत नाही’ आणि ‘यात गणित नाही’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिलं वाक्य आपल्याबद्दल आहे, प्रश्नाबद्दल नाही.

विचारणाऱ्याने स्वतः काहीच केलेलं दाखवलं नाही. हा तर सरळ गृहपाठ वाटतो.

यावर माझी बरोबरीच्या लोकांशी अजून वादावादी होते. माझं मत असं: प्रयत्न न दाखवणं हा प्रश्नाचा दोष नव्हे, तो आपल्याला मिळालेल्या माहितीतला खड्डा आहे. कुठे अडलं ते कळलं नाही तर आपण जे आधीच येतं ते समजावत बसतो. म्हणून विचारा, ‘कुठवर आलात?’ उत्तर आलं तर उत्तमच. नाही आलं तर पहिली पायरी दाखवून थांबा. केवळ आळसाचा संशय घेऊन प्रश्न मिटवू नका. ज्याला पहिली पायरीच सुचत नाही त्याच्याकडे दाखवायला प्रयत्न नसतोच, आणि मदतीची गरज त्यालाच जास्त असते.

उलटा प्रकारही होतो. ‘साइन क्ष = १.५ कसं सोडवायचं?’ कोन नेहमीचा वास्तव असेल तर उत्तर नाही, हे एका ओळीत सांगता येतं. पण आधी विचारा, हे समीकरण आलं कुठून? बहुतेक वेळा मागे कुठेतरी भागाकार उलटा झालेला असतो. खरा प्रश्न तिथे असतो.

तोच प्रश्न शंभराव्यांदा आला तर?

जुनं चांगलं उत्तर द्या आणि पुढे व्हा. ०.९९९… आणि १ एकच कसे, हे प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी विचारावंसं वाटतं. आपल्यासाठी तो शंभरावा असतो, त्याच्यासाठी पहिला. तेवढा सूर सांभाळला की पुरे.

वर्तुळाचा चौरस, कोनाचे तीन समान भाग असल्या ‘सिद्धता’ घेऊन येणाऱ्यांचं काय?

यात इतिहासाने एक फार विचार करण्याजोगा दाखला ठेवलाय. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जाहीर केलं की वर्तुळाचा चौरस करणं (त्याच्याएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढणं), कोनाचं त्रिभाजन, घन दुप्पट करणं (दुप्पट घनफळाचा घन काढणं) यांची उत्तरं आणि बाहेरून बळ न लावता सतत चालणारं यंत्र यांपैकी काहीही यापुढे तपासायला घेतलं जाणार नाही. तपासून तपासून सभासद थकले होते. शिवाय या नादाने लोक स्वतःच्या संसाराचं नुकसान करून घेतात, हीही त्यांची काळजी होती.

तारखा नीट पाहा. कोनाचं त्रिभाजन आणि घनाचं दुप्पट करणं पट्टी-कंपासने अशक्य आहे हे वान्त्सेलने सिद्ध केलं ते १८३७ मध्ये. पायचं अतीतत्व, म्हणजे पाय हे पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचं उत्तर नसतं हे, लिंडेमानने दाखवलं १८८२ मध्ये, आणि त्याने वर्तुळाच्या चौरसाचा निकाल लागला. म्हणजे दार लावलं तेव्हा सिद्धता कुणाकडेच नव्हती. मग अकादमी चुकली का? मला तसं वाटत नाही. तिने येणारी उत्तरं तपासणं थांबवलं. प्रश्नावर कुणीही विचार करू शकत होतं, आणि वान्त्सेलने केलाच.

आज असं काही आलं तर मी दोन गोष्टी करते. आधी पक्ष विचारते: पट्टीवर खुणा चालतील का? आर्किमिडीजच्या रीतीने खुणेच्या पट्टीवर कोणत्याही कोनाचे तीन भाग करता येतात, कागदाच्या घड्या घालूनही येतात. कोरी पट्टी आणि कंपास एवढंच म्हणाल तर नाही. अनेकांच्या रचनेत अशीच एखादी न सांगितलेली सूट लपलेली असते, आणि ती सापडली की त्यांनाही आनंद होतो. तरीही तीच व्यक्ती तिसऱ्यांदा तीच रचना घेऊन आली आणि दाखवलेली चूक वाचायलाच तयार नसली, तर थांबते.

मांडणी इतकी गोंधळाची आहे की मला काही कळतच नाही.

‘मला कळलं नाही’ असंच लिहा, ‘चूक आहे’ असं लिहू नका. गाल्वा या तरुण फ्रेंच गणितज्ञाने समीकरणं कधी सोडवता येतात यावरचा लेख १८३१ च्या जानेवारीत पॅरिसच्या अकादमीला दिला. अकादमीच्या वतीने पुआसोंने जुलैत अभिप्राय दिला की युक्तिवाद पुरेसा स्पष्ट नाही आणि पुरेसा विस्ताराने मांडलेला नाही, त्यामुळे बरोबर की चूक ते ठरवता येत नाही. अभिप्राय प्रामाणिक होता. लेख खरंच दाट आणि तुटक होता. पण पुढच्या वर्षी मे महिन्यात, विसाव्या वर्षी, गाल्वा गेला. ल्युव्हिलने ते काम १८४६ मध्ये छापलं तेव्हा कुठे ते लोकांपर्यंत पोचलं.

प्रत्येक गोंधळलेल्या पानात गाल्वा दडलेला असतो असं मला म्हणायचं नाही. पण ‘हे स्पष्ट करा’ म्हणून परत पाठवलेलं काम स्पष्ट करायला समोरच्याकडे वेळ आणि बळ असेलच असं नसतं. म्हणून कुठे अडलात ती ओळ दाखवा. तेवढ्याने त्याचं निम्मं काम होतं.

कुणालाच उत्तर येत नाही. किती दिवस उघडा ठेवायचा?

कितीही. रामानुजन यांनी १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये √(१+२√(१+३√(१+४√…))) ची किंमत विचारली होती. काही महिने कुणाचं उत्तर आलं नाही, शेवटी त्यांनीच दिलं: ३. उत्तर न येणं हा दोष नसतो.

बंद करायचंच ठरलं तर काय लिहायचं?

‘अस्पष्ट’ असा एका शब्दाचा शेरा मारू नका. काय मिळालं की पुढे जाता येईल ते सांगा. वरच्या त्रिकोणासाठी मी असं लिहीन: ‘३०° चा कोन ५ आणि ७ या बाजूंमधला आहे की त्यांपैकी एकीच्या समोरचा? आकृती असेल तर पाठवा, तोवर हे बाजूला ठेवते.’ यात विचारणाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. त्याला नेमकं काय करायचं ते कळतं, आणि दार लोटलेलं आहे, कुलूप लावलेलं नाही हेही कळतं.

तो परत आला तर आधी त्याचा प्रश्न घ्या, नव्यांच्या आधी. ज्याने सांगितलेली दुरुस्ती केली त्याला पुन्हा रांगेत शेवटी उभं करणं बरं नव्हे.

माझाच प्रश्न परत आला. आता?

पहिल्या ओळीत काय दिलंय ते लिहा, दुसऱ्या ओळीत काय हवंय ते. एक लहान उदाहरण आकडे घालून करून दाखवा. प्रश्न कुठून उद्भवला ते एका वाक्यात सांगा. एकाच वाक्यात, नमनाला घडाभर तेल नको. एखादा शब्द तुम्ही विशेष अर्थाने वापरत असाल तर तो अर्थ लिहा. ‘बेरीज’ हा साधा शब्दसुद्धा धोक्याचा असतो. १+२+३+४+… = −१/१२ हे रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंग्रज गणितज्ञ हार्डी यांना लिहिलं तेव्हा ते आपल्या सिद्धांतानुसार आहे असं त्यांनी म्हटलं होतं. ती पुस्ती गळली की तेच समीकरण वेडेपणाचं दिसतं.

आणि आपला प्रश्न मुळातच चुकीचा होता असं नंतर कळलं तर?

पॉइन्कारे या गणितज्ञाचं तसं झालं होतं. १९०० मध्ये त्याने एक विधान केलं, की एक विशिष्ट मोजमाप गोलाच्या मोजमापाशी जुळलं तर तो आकार गोलच असतो. १९०४ मध्ये त्यानेच ते मोडणारं उदाहरण शोधलं, आणि त्याच लेखात अट कडक करून प्रश्न पुन्हा विचारला. तो नवा प्रश्न पेरेलमानने २००२ आणि २००३ मधल्या लेखांत सोडवला. तेव्हा जुना प्रश्न खोडू नका, फाडू नका. त्याच्याखालीच तारीख घाला, कुठे फसलो ते एका ओळीत लिहा, आणि नवा प्रश्न तिथूनच सुरू करा.